नैरोबीला येतोयस, तर घर कुठे घ्यायचं ते आधी ठरव

तू लिहिलंस की नैरोबीच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका कंपनीत अकाउंट्सची नोकरी मिळतेय, पण जळत्या गाड्यांचे व्हिडिओ बघून देवगडला आई घाबरलीय, तर यावं की नाही. मी वेंगुर्ल्याची, लग्न होऊन इकडे आले आणि इथलीच झाले. माझं मत विचारशील तर ये. पण काही गोष्टी निघण्याआधीच ठरवून ये.

आईला ‘ते व्हिडिओ खोटे आहेत’ असं मात्र सांगू नकोस. ते खरे आहेत. 25 जून 2024 ला करवाढीच्या विधेयकाविरुद्ध तरुण पोरं रस्त्यावर उतरली, थेट संसदेत घुसली आणि पोलिसांनी गोळ्या चालवल्या. दुसऱ्याच दिवशी केनियाचे राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी विधेयकावर सही करायला नकार दिला, तरी त्या आंदोलनात 50 हून जास्त जीव गेले. 2025 ला त्याच तारखेला पुन्हा लोक उतरले, पुन्हा माणसं दगावली. हा राग इथल्या सरकारवरचा आहे, आपल्यावरचा नाही. पण अश्रुधुराच्या नळकांडीला कोण कुठला ते कळत नाही.

आता महत्त्वाचं. इथली मोठी आंदोलनं बहुधा सांगून येतात. तारीख आठवडाभर आधी सगळ्यांच्या तोंडी असते. ‘मांदामानो’ हा स्वाहिली शब्द ऑफिसात, मटाटूत (इथल्या खासगी मिनीबसमध्ये) कानावर पडायला लागला की समजायचं, मोर्चा आहे. आपल्याकडे बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की शहाणा माणूस होडी काढत नाही, तसं त्या दिवशी शहराच्या मधल्या भागात पाऊल टाकायचं नाही. बँकेचं काम असो, परमिटचं असो, दुसऱ्या दिवशी होईल. 7 जुलै 2025 ला तर पोलिसांनी सकाळपासूनच शहरात येणारे रस्ते अडवले होते. सकाळी निघालास आणि मटाटू कमी दिसल्या, दुकानांची शटरं अर्धीच वर असली, फुटपाथवरच्या केळीवाल्या बायका बसलेल्या नसल्या, तर तिथूनच मागे फिर. त्या बायकांना पोलिसांच्या आधी कळतं.

म्हणूनच घर कुठे घेतोस याला मी इतकं महत्त्व देते. आपले लोक नव्या मुलाला पार्कलँड्स सुचवतात. देवळं आहेत, डाळ-तांदूळ, मसाले सगळं मिळतं, ते खरंच आहे. पण पार्कलँड्सहून इंडस्ट्रियल एरियात जायचं म्हणजे शहराचा मधला भाग वाटेत येतो, आणि उहुरू हायवे संसदेच्या अगदी जवळून जातो. तू साउथ सी किंवा साउथ बी बघ. ती वस्ती तुझ्या कामाच्या बाजूलाच आहे. वाणसामान रविवारी पार्कलँड्सहून आणता येतं.

तरीही अडकलास कुठे, तर गर्दीबरोबर धावू नको आणि पोलिसांच्या मागेही थांबू नको. हॉटेल, हॉस्पिटल, मोठं दुकान जे जवळ असेल त्यात शिर आणि काचेपासून लांब, आतल्या बाजूला बस. धूर आला तर वाऱ्याच्या उलट दिशेला सरक, डोळे चोळू नको, साध्या पाण्यानं भरपूर धू. मोबाइल खिशातच ठेव. पोलिसांचं शूटिंग करायचं नाही, ग्रुपवर मतं लिहायची नाहीत. मोर्च्यातली पोरं तुला कितीही बरोबर वाटली (मला वाटतात), तरी वर्क परमिटवरच्या माणसानं त्यात उतरायचं नसतं.

पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात देऊ नकोस. मूळ घरी, झेरॉक्स खिशात. इथल्या भारतीय उच्चायुक्तालयात नाव नोंदव. 25 जून 2024 ला त्यांनी त्याच दिवशी गरजेशिवाय बाहेर पडू नका म्हणून कळवलं होतं. एम-पेसा (मोबाइलवरून पैसे द्यायची इथली सोय) इंटरनेटशिवायही चालतं, तरी थोडी रोकड आणि दोन-तीन दिवसांचं पाणी घरात असू दे.

2024 च्या त्या मोर्च्याच्या दिवशी इंटरनेटही अडखळलं होतं, म्हणून आईशी आधीच ठरव: गडबड असेल त्या दिवशी इथल्या संध्याकाळी सहाला, म्हणजे देवगडच्या साडेआठला, साधा एसएमएस येईल, ‘घरी आहे’ एवढाच. टीव्हीवर तीच एक गाडी दिवसभर जळत राहते, तेव्हा त्या बिचारीला तुझे ते दोन शब्द हवे असतात. तो चुकवू नकोस.

आणि पुढची निवडणूक 10 ऑगस्ट 2027 ला आहे. 2007 च्या निवडणुकीनंतर इथे हजाराहून जास्त माणसं मेली. 2017 ला सर्वोच्च न्यायालयानं निकालच रद्द केला आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा मतदान झालं. 2027 ला गणपती सप्टेंबरच्या सुरुवातीला आहेत, तेव्हा चतुर्थीची रजा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासूनच जोडून माग. ही रजा मिळेल का, आणि आंदोलनाच्या दिवशी घरून काम करू देतील का, पगार कापतील का, हे सही करण्याआधी लेखी विचार. त्यांचं उत्तर आलं की पगाराच्या आकड्यासकट मला कळव, साउथ सीमधल्या भाड्यांची चौकशी मी करून ठेवते.