आबांची वही आबांच्याच बोलीत छापा

तुमचा प्रश्न नीट वाचला. तुमच्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, हाताने लिहिलेल्या दोन वह्या, आत्यांनी त्यांना बोलतं करून भरलेल्या तीन कॅसेट, शिवाय वडिलांनी निवृत्तीनंतर लिहिलेलं 'जीवनचिंतन', आणि या सगळ्याचं एक पुस्तक करायचं आहे. धाकटे काका म्हणतात, दुसऱ्या महायुद्धातल्या कैदेचं प्रकरण नको. चुलतभावाला आझाद हिंद सेना घालायची आहे. आणि एक पॅकेजवाला 'संपादन, मुखपृष्ठ, प्रकाशन समारंभ, बेस्टसेलर' असं सगळं एका रकमेत देतो म्हणतोय. गेली बरीच वर्षं मी अशा घरगुती पुस्तकांची मुद्रितं तपासतोय, त्यामुळे जे वाटतं ते सरळ सांगतो.

आधी तुम्ही नमुन्याला टाकलेल्या पानाबद्दल. आबांनी लिहिलंय: 'दोन दीस पान्याबिगर काडलं. तिसऱ्या दिशी लारी आली. बसाय जागा न्हवती. हुबं ऱ्हाऊन बेनगाजी.' आणि तुम्ही केलेलं संपादन असं: 'तहानेने व्याकूळ झालेल्या त्या शूर मावळ्यांना शत्रूने अमानुषपणे वाहनांत कोंबले, तरी त्यांच्या मुखावर स्वाभिमानाचे तेज होते.' राग मानू नका, पण हे वाचून आबा म्हणाले असते, 'ह्यो कोन?' तेज वगैरे त्यांनी कुठं लिहिलेलं नाही. त्यांनी लिहिलंय की बसायला जागा नव्हती. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर या दोन उताऱ्यांच्या मध्येच आहे. वही आहे तशी छापा. तुम्हाला, वडिलांना, काकांना जे म्हणायचं असेल ते वेगळं, आपापल्या नावाने छापा. एकाच्या तोंडात दुसऱ्याचं बोलणं घातलं की पुस्तक कुणाचंच राहत नाही.

'आहे तशी' म्हणजे काय, तेही सांगतो. विरामचिन्हं घाला, परिच्छेद पाडा, एकच प्रसंग तीनदा आला असेल तर सगळ्यात भरलेला ठेवा. पण 'ऱ्हाऊन'चं 'राहून' करू नका. गावांची नावं त्यांनी 'तबरूक', 'आवजान' अशी लिहिली असतील तर तशीच ठेवून पानाच्या तळाशी लिबियातलं तोब्रुक, इटलीतलं अवेझानो असा खुलासा द्या. टायपिंगला देताना डीटीपीवाल्याला हे बजावून सांगा, नाहीतर तो सवयीने सगळं शुद्ध करून ठेवतो आणि पुन्हा वहीशी ताडून बसायची पाळी तुमच्यावर येते. मजकूर युनिकोडमध्येच करून घ्या. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये करून मागाहून बदलला की रफार आणि जोडाक्षरं नको तिथं जाऊन बसतात, आणि बोलीभाषेत ती चूक पटकन डोळ्याला दिसतही नाही.

आता कैदेबद्दल. काकांना त्यात कमीपणा वाटतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. पण मुळात काय झालं ते बघा. आबा २/५ मराठात (पाचव्या मराठा रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीत), म्हणजे 'काळी पाचवी'त होते असं तुम्ही लिहिलंय. ही पलटण ११व्या भारतीय ब्रिगेडमध्ये तोब्रुकच्या आग्नेय बाजूला होती. २० जून १९४२ च्या पहाटे जर्मन सेनापती रोमेलने हल्ला चढवला तो नेमका याच बाजूने. आधी विमानांतून बॉम्ब, वर तोफा, मग रणगाडे. दुसऱ्या दिवशी, २१ जूनला, तिथल्या फौजेच्या जनरलने शरणागती पत्करली आणि तेहेतीस हजारांच्या आसपास माणसं एकदम कैदेत गेली. त्यात ब्रिटिश होते, दक्षिण आफ्रिकेचे होते, गुरखे होते, आपले होते. सेक्शनमधल्या शिपायाला कुणी विचारून शरणागती पत्करत नाही. काकांना हे एवढं वाचून दाखवा. आणि कैद काढली तर वहीत उरतं काय? बेळगावचं ट्रेनिंग आणि बोटीचा प्रवास. तो प्रत्येक फौजीच्या वहीत असतो. इटलीतल्या छावणीत पार्सलातून आलेल्या पिठाच्या भाकऱ्या कशावर भाजल्या, हे मात्र तुमच्याच आबांनी लिहिलंय. (ती पार्सलं खरीच. भारतीय कैद्यांसाठी लंडनमध्ये वेगळी पार्सलं बांधली जायची. त्यात आटा, डाळ, तांदूळ असायचे.)

चुलतभावाच्या आझाद हिंदबद्दल वहीत एकच ओळ आहे ना: 'आझाद हिंदची मानसं आली. भाशन झालं. काई गेली. मी बसलो.' तीच छापा, एक अक्षर वाढवू नका. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय कैद्यांमधून सुभाषबाबूंनी जर्मनीत लीजन उभी केली, सगळी मिळून तीनेक हजार माणसं. इटलीतही १९४२ मध्ये तसा प्रयत्न झाला होता. म्हणजे माणसं आली, भाषण झालं, हे पटण्यासारखं आहे. पण 'मी बसलो'चा अर्थ आपण लावायचा नाही. इंग्रजांचं मीठ खाल्लं म्हणून बसले, थकले होते म्हणून बसले, की घरचा पगार बंद होईल म्हणून, ते त्यांनाच माहीत. गेलेले आणि बसलेले, दोघांनाही घरी पोरंबाळं होती.

तिसरी गोष्ट काकांच्याच तोंडची: 'आबा नामदेव जाधवांच्या बाजूला लढले.' नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळाला तो ९ एप्रिल १९४५ च्या लढाईबद्दल, इटलीत सेनिओ नदीवर, आणि ते १/५ मराठाचे, म्हणजे जंगी पलटणीचे. आबा १९४२ पासून कैदेत, वेगळ्या पलटणीत. हे जुळत नाही. व्हिक्टोरिया क्रॉसवाल्या यशवंत घाडग्यांचंही तसंच. ते ३/५ चे, १० जुलै १९४४, टायबर नदीच्या खोऱ्यात. घरात सांगता सांगता गोष्टी अशा जवळ येतात, त्यात खोटेपणा कुणाचा नसतो. त्या फेकून देऊ नका. 'घरात असं सांगतात' असं एक छोटं प्रकरण करा आणि सगळ्या आख्यायिका तिथं एकत्र मांडा, खाली तारखा द्या. वाचणारा समजून घेतो.

पडताळणीला सुरुवात घरातल्या मेडलांच्या डब्यापासून करा. तुमच्या फोटोत वाळूच्या रंगाच्या रिबनचा जो स्टार आहे, मधे तांबडा पट्टा आणि दोन बाजूंना एक गडद निळी, एक फिकी निळी रेघ, तो आफ्रिका स्टार. वाळू वाळवंटाची, तांबडा भूदलाचा, निळे नौदल आणि विमानदलाचे. इटलीत लढलेल्यांच्या स्टारची रिबन तांबडी-पांढरी-हिरवी असते, इटलीच्या झेंड्याच्या रंगांची. ती डब्यात नाही, म्हणजे सेनिओचं उत्तर तिथंही मिळालं. भारतीय फौजेच्या त्या वेळच्या बऱ्याच मेडलांवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं, गोल मेडलाच्या कडेला आणि स्टारच्या पाठीमागे. ब्रासो लावून घासू नका, कोरलेलं झिजतं.

तो नंबर हातात आला की बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरच्या रेकॉर्ड ऑफिसला नातवाच्या नात्याने अर्ज करा आणि शीट रोलची (सैनिकाच्या नोकरीच्या नोंदीची) माहिती मागा. सोबत डिस्चार्ज सर्टिफिकेटची झेरॉक्स आणि वारसाचा पुरावा जोडा. आजींना दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकाची विधवा म्हणून शासनाचं अनुदान मिळत असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांची फाईल असायला हवी. तिथंही नंबर, भरतीची तारीख सापडते. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची साइट फुकट आहे, पण तिथं फक्त मेलेल्यांची नावं असतात. म्हणून आबांचं नाव शोधत बसू नका. वहीत जे सोबती पडले म्हणून लिहिलंय, त्यांची नावं शोधा. ज्यांना अग्नी दिला त्यांची नावं अलामीनच्या वेगळ्या स्मारकावर आहेत. पलटणीच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग त्या काळी एमएएचआरने सुरू व्हायचं (Mahratta), आणि आडनावांचं तर साहेबाच्या कानाला जे ऐकू आलं ते. तीन-चार प्रकारे टाकून बघा. जिनेव्हाच्या रेडक्रॉसकडे युद्धकैद्यांची कार्डं आहेत, फक्त ते अर्ज ठरावीक काळातच घेतात, तेव्हा पुस्तक त्यासाठी अडवून ठेवू नका. हे सगळं टिपांमध्ये घाला. वहीत १९४१ लिहिलंय आणि कागदावर १९४२ निघालं, तर वहीत १९४१च राहू दे.

कॅसेट आधी डिजिटल करून घ्या, बाकी सगळं नंतर. आणि उतरवताना आत्यांचे प्रश्नही उतरवा. तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या कॅसेटमध्ये मधेच आजी बोलतात, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या गोऱ्या बायकांना अंडी विकायला जायचो म्हणून, आणि तो भाग 'विषयाला सोडून' आहे म्हणून गाळणार आहात. गाळू नका हो! ती १९४३ ते ४८ मधली पोलिश निर्वासितांची छावणी. रशियाने पोलंडमधून सैबेरियाकडे नेलेली माणसं, बहुतेक बायका-पोरं, पाचेक हजार, फिरत फिरत आपल्या वळिवड्यात आली. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, कधी लक्ष देऊन बघा. नवरा इटलीत कैदेत, जिवंत आहे की नाही त्याचा पत्ता नाही, आणि इकडे ही बाई त्याच लढाईने देशोधडीला लावलेल्या पोलिश बायकांना अंडी विकतेय. सगळ्या पुस्तकात याच्या तोडीचं पान दुसरं निघेल असं मला वाटत नाही. आत्यांना पुन्हा बसवून विचारा: आबा कैद झाल्याचं घरी कधी कळलं, कुणी वाचून दाखवलं, मनीऑर्डर थांबली होती का, कुंकवाचं कुणी काही बोललं का. पत्रं मोडीत असतील तर टाकून देऊ नका. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात चौकशी केलीत तर मोडी वाचणारे भेटतात.

वडिलांचं चिंतन. इथं जरा कडू बोलतो. 'आयुष्य हा एक संघर्ष आहे', 'आजच्या पिढीत संस्कार उरले नाहीत' ही पानं घरच्यांशिवाय कुणी वाचणार नाही आणि घरचेही चाळतील. पण त्यांनी लिहिलेला तो एक परिच्छेद आहे ना, आबा ताटात भाकरीचा तुकडा उरलेला बघितला की काही न बोलता उचलून खिशात घालायचे आणि नंतर दारात बसून खायचे, तो सोनं आहे. वडिलांना सांगा, असे प्रसंग आणखी आठवा. मुलगा म्हणून बापाला जे बघितलं तेवढंच, दहा-बारा पानं, वहीच्या मागे जोडा. बाकीचं चिंतन त्यांना छापायचंच असेल तर वेगळी पुस्तिका करा, त्यांचाही मान राहतो.

एक कायद्याचं. वहीचा कॉपीराइट आबांचा, आणि ते १९८८ ला गेले तेव्हा वही छापलेली नव्हती, म्हणजे ती पहिल्यांदा छापली जाईल त्या वर्षानंतरची साठ वर्षं तो वारसांचा. एकट्या तुमच्या वडिलांचा नाही. काका आणि आत्याही त्यात आल्या, आजी असतील तर त्याही. तेव्हा काकांना डावलून छापायचा विचार सोडा. बसून बोला, आणि सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या. साधा कागद चालेल, पण सह्या हव्यात. वहीत दुसऱ्या कुणाच्या घरची भानगड आली असेल, त्या घरची माणसं गावात असतील, तर नाव बदला आणि बदललंय असं टिपेत लिहा.

पॅकेजवाल्याला नमस्कार करा. 'बेस्टसेलर' म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की पुस्तक विकणार कोण आणि उरलेल्या प्रती कुठं ठेवणार. उत्तर तुमच्याच माडीवर येऊन थांबतं. वह्यांची दोनशे पानं, पानाला दीडशे शब्द धरले तर तीस हजार शब्द होतात. डेमी आकारात त्याची सव्वाशेच्या आत पानं बसतील. कॅसेट, टिपा, वडिलांची पानं, फोटो धरून एकशे साठ-पावणेदोनशे. सोळाच्या पटीत बसवा, म्हणजे फॉर्म (एकत्र छापली जाणारी सोळा पानं) वाया जात नाही. एकशे शहात्तर छान बसेल. पहिल्यांदा शंभर प्रतीच काढा, डिजिटलवर. ऑफसेटला प्लेट आणि मशिन लावण्याचा खर्च एकदाच असतो, त्यामुळे पाचशे-हजारला प्रत स्वस्त पडते, पण त्या पाचशे खपायला हव्यात. पीडीएफ तुमच्या ताब्यात घ्या, म्हणजे लागतील तशा पुन्हा काढता येतील. कागद पिवळसर घ्या, आणि चार पैसे जास्त गेले तरी शिवून बांधा. नुसत्या गोंदाची पुस्तकं हाताळून हाताळून सुटतात.

आयएसबीएन स्वतःच्या नावाने मिळतो, राजा राममोहन रॉय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, फी नाही. त्याचे पैसे कुणी मागत असेल तर तिथंच ओळखा. १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत तीस दिवसांत पाठवायची असते. घरगुती पुस्तकवाले हे हटकून विसरतात. त्याशिवाय करवीर नगर वाचन मंदिर, शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय आणि बेळगावचं रेजिमेंटल सेंटर, इथं स्वतः नेऊन द्या. प्रकाशन शाहू स्मारकला करायचं की गावात देवळासमोर, ते तुमचं तुम्ही बघा. मला विचाराल तर गावात, आत्यांच्या हस्ते.

आणि त्या स्टारची पाठ उजेडात तिरकी धरून एक फोटो काढून टाका. नंबर वाचता आला तर बेळगावच्या अर्जाचा मसुदा करून देतो.