चित्रकलेत ‘सी’ श्रेणी आणि ॲप डिझाइनचे करिअर

कराड येथील एका पालकांचे पत्र, संक्षेपाने : “मी पतसंस्थेत लेखनिक आहे. मुलगी अकरावी विज्ञान शाखेत शिकते. तिला मोबाइल ॲपचे डिझाइन करायचे आहे. वेगवेगळ्या ॲपच्या पडद्यांच्या आकृत्या ती वहीत काढते आणि कोणते बटण कुठे हवे होते, हे बाजूला लिहीत बसते. परंतु इंटरमिजिएट परीक्षेत तिला ‘सी’ श्रेणी मिळाली होती, त्यामुळे हे क्षेत्र तिला झेपेल का, अशी शंका वाटते. एका क्लासने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, दीड लाख रुपये शुल्क आणि नोकरीची हमी असे सांगितले आहे. मुलीचा स्वतःचा एक प्रश्न आहे : काही ॲप दिसायला अगदी साधी असूनही वापरावीशी वाटतात आणि काही रंगीबेरंगी असूनही दोन दिवसांत काढून टाकावीशी वाटतात, असे का? आम्ही पुढे काय करावे?”

सप्रेम नमस्कार.

आपल्या कन्येच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण आपल्या शंकांची बरीचशी उत्तरे त्यातच दडलेली आहेत. या क्षेत्राकडे वळू पाहणारी बहुतेक मुले ‘फिग्मा (पडद्यांची रचना करण्याचे संगणकीय साधन) कुठे शिकू’ असे विचारतात. ‘असे का’ हा प्रश्न क्वचितच कानावर येतो.

किराणा दुकानात यूपीआयने पैसे देताना काय घडते, ते एकदा सावकाश पाहावे. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर, पैसे ज्याच्याकडे जाणार त्याचे नाव आधी दिसते. रक्कम टाकायची वेळ येते तेव्हा अक्षरांचा कीबोर्ड न उघडता फक्त अंकांचा उघडतो. त्यानंतर येणारा पिनचा पडदा कोणत्याही ॲपमध्ये जवळपास सारखाच असतो, कारण तो त्या ॲपने आखलेला नसून यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेतून आलेला असतो. गुप्त क्रमांक टाकण्याची जागा सगळीकडे ओळखीची राहावी, हा सुरक्षिततेचाच भाग आहे. शेवटी मोठी खूण उमटते, रक्कम ठळक दिसते आणि बहुतेक ॲपमध्ये एक लहानसा आवाजही होतो. हा शेवटचा पडदा खरे तर पैसे देणाऱ्यासाठी नसतोच. ग्राहक फोन वळवून गल्ल्यापलीकडच्या दुकानदाराला दाखवणार आणि दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाची साखर तोलता तोलता त्यावर नजर टाकणार, हे ज्याने आधी ओळखले, त्याने तो पडदा आखला आहे.

आता याच व्यवहारात मध्येच नेट गेले, असे समजा. खात्यातून पैसे वजा झाल्याचा संदेश आला, पण दुकानदाराकडे काहीच पोहोचले नाही. अशा वेळी एखादे ॲप नुसतेच चक्र फिरवत राहते आणि घाबरलेला माणूस पुन्हा पैसे पाठवतो. दुसरे ॲप मात्र व्यवहार प्रलंबित असल्याचे, तूर्त पुन्हा पैसे न पाठवण्याचे आणि पुढची स्थिती कुठे पाहायची याचे स्पष्ट वाक्य दाखवते. रंग, चित्रे, टाइप (अक्षरांचे वळण, म्हणजे फाँट) दोन्हींकडे सारखेच असले, तरी महिनाभरानंतर फोनवर कोणते ॲप टिकेल, हे सांगायला नको. माझ्या मते ॲपचा आकर्षकपणा बहुतांशी याच गोष्टीत असतो : वापरणारा कुठे अडखळेल, हे कोणीतरी त्याच्या आधी जाऊन पाहून ठेवलेले असते.

याला अभ्यासाचाही आधार आहे. बोटाने एखादी जागा गाठायला लागणारा वेळ हा तिच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो, हा नियम पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये, म्हणजे स्मार्टफोन येण्याच्या कितीतरी आधी मांडला. ॲपलच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दाबण्याच्या जागेची किमान बाजू 44 पॉइंट, तर गुगलच्या मटेरियल डिझाइन या नियमावलीत 48 डीपी सांगितली आहे (पॉइंट आणि डीपी ही पडद्यावरील मापाची एकके), ती याच विचारातून. प्रतिसादाच्या वेळेबाबत वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी 1993 मध्ये मांडलेले तीन टप्पे आजही शिकवले जातात : दशांश सेकंदात काही घडले तर ते तत्काळ घडल्यासारखे वाटते, एक सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही आणि दहा सेकंदांपलीकडे माणसाचे लक्ष उडते. म्हणून चांगल्या ॲपमध्ये बटण दाबताच, आतले काम पूर्ण होण्याआधीच, काही ना काही हलते किंवा रंग बदलते. व्हॉट्सॲपवरील एक खूण, दोन खुणा आणि 2014 पासून आलेल्या निळ्या खुणा यांनी एका शब्दावाचून केवढा मजकूर सांगितला जातो, ते पाहावे. (त्या निळ्या खुणांमुळे घराघरांत जे रुसवेफुगवे झाले, तोही डिझाइनच्या अभ्यासाचा विषय आहे, हे गमतीने म्हणत नाही.)

साधेपणाचे याहून ठळक उदाहरण मुंबईत सापडते. लोकलचे वेळापत्रक दाखवणारे एम-इंडिकेटर हे ॲप देखणेपणाच्या स्पर्धेत कधी पहिले आले नसते, पण वेळापत्रक फोनमध्येच साठवलेले असल्यामुळे ते इंटरनेट नसतानाही चालते, आणि धावत जिना उतरणाऱ्या प्रवाशाला त्या क्षणी एवढेच हवे असते. त्या प्रवाशाच्या एका हातात पिशवी असते, डोळ्यांवर ऊन असते आणि वाचायला दोन सेकंद असतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे प्रमाण नेहमीच्या मजकुरासाठी किमान 4.5 : 1 असावे, असा वेबवरील सुगम्यतेचा, म्हणजे सर्वांना वापरता येण्याचा, जो आंतरराष्ट्रीय निकष आहे, तो क्षीण दृष्टीच्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून ठरवला गेला, परंतु भर दुपारी स्टँडवर उभ्या असलेल्या धडधाकट माणसालाही तोच उपयोगी पडतो. फिकट राखाडी पार्श्वभूमीवर राखाडी अक्षरे वातानुकूलित कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर फार सुरेख दिसतात. तिथेच घात होतो.

यानंतरचा मुद्दा मराठी मुलामुलींसाठी विशेष महत्त्वाचा आहे. बरीचशी ॲप आधी रोमन लिपीत आखली जातात आणि देवनागरी मागाहून त्यात बसवली जाते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार असतात आणि खाली उकार असतात; ओळींमधले अंतर रोमनच्या मापाने ठेवले की ‘पूर्ण’ मधील ऊकाराचा तळ कापला जातो, रफार वरच्या ओळीला टेकतो आणि बटणावरचा मजकूर अर्ध्यावर तुटतो. हे हेरायला आणि दुरुस्त करायला ही लिपी रोज वाचणारा डोळा लागतो. आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या चमूने तयार केलेला ‘स्वरचक्र’ कीबोर्ड कन्येला अवश्य वापरायला सांगावा. त्यात व्यंजनावर बोट ठेवले की त्याच्याभोवती चक्राकार त्याचीच स्वरयुक्त रूपे उमलतात आणि बोट त्या दिशेला सरकवले की अक्षर उमटते; हलन्त निवडला, तर पुढील व्यंजनांशी होणारी जोडाक्षरे कळांवरच दिसू लागतात. बाराखडी शिकलेल्या माणसाला ते वेगळे शिकवावे लागत नाही. याच संस्थेत शिकवलेल्या र. कृ. जोशी यांनी आखलेला ‘मंगल’ हा टाइप मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमधून लाखो पडद्यांवर पोहोचला आणि मुंबईच्याच ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्ता’ व ‘बालू’ हे टाइप आज कोणालाही विनामूल्य वापरता येतात. हे काम परदेशातच चालते, असा समज असल्यास तो दूर व्हावा, म्हणून एवढे लिहिले.

आता ‘सी’ श्रेणीविषयी. इंटरमिजिएट परीक्षेत स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांतील कौशल्य तपासले जाते. ॲपच्या डिझाइनमध्ये रेखाटन लागते ते विचार झटपट कागदावर मांडण्यापुरते, आणि आपली कन्या वहीत नेमके तेच करते आहे. म्हणून त्या श्रेणीची धास्ती घेऊ नये. मात्र प्रवेश परीक्षांसाठी रेखाटनाचा सराव करावाच लागेल, हेही स्पष्ट सांगतो. बारावीनंतरच्या बी.डेस. (डिझाइनमधील पदवी) अभ्यासक्रमासाठी आयआयटी मुंबई ‘युसीड’ ही परीक्षा घेते. कोणत्याही शाखेचा विद्यार्थी ती देऊ शकतो. तिचा एक भाग संगणकावर होतो आणि दुसऱ्या भागात हाताने रेखाटन करावे लागते. 1969 साली स्थापन झालेल्या आयडीसीमध्ये बी.डेस. 2015 पासून आहे. गुवाहाटीच्या आयआयटीत ते त्याहून पुष्कळ जुने आहे. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनची ‘डॅट’ ही परीक्षा स्वतंत्र असते. पुण्यात एमआयटी आणि सिम्बायोसिस यांच्या डिझाइन संस्था आहेत, परंतु खासगी संस्थांचे शुल्क वर्षाला काही लाखांच्या घरात जाते, तेव्हा कर्ज काढण्यापूर्वी तिथे शिकत असलेल्या दोन-चार विद्यार्थ्यांशी आपण स्वतः बोलून घ्यावे.

युसीडमध्ये यश आले नाही, तरी दार बंद होत नाही. संगणक अभियांत्रिकी, मानसशास्त्र किंवा उपयोजित कला यांपैकी कशाचीही पदवी घेऊन ‘सीड’ या पदवीनंतरच्या प्रवेश परीक्षेमार्गे एम.डेस.ला (डिझाइनमधील पदव्युत्तर पदवी), विशेषतः इंटरॲक्शन डिझाइनला, म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यातील देवाणघेवाणीच्या रचनेला, जाता येते. किंबहुना आपल्या घरची परिस्थिती लक्षात घेता आणि कन्या विज्ञान शाखेत असल्याने हा दुसरा मार्ग मला कमी जोखमीचा वाटतो. प्रोग्रॅम कसा लिहिला जातो, हे ठाऊक असलेल्या डिझायनरचे अभियंत्यांशी चांगले जमते. तिचा ओढा मात्र ठाम असेल, तर युसीडची संधी सोडू नये. ती परीक्षा साधारणतः जानेवारीत होते आणि जेईईचे पहिले सत्रही त्याच सुमारास असते, म्हणून त्या वर्षीचे माहितीपत्रक निघताच तारखा आणि वयोमर्यादा यांची खातरजमा करावी.

क्लासविषयी मी जरा कठोर लिहिणार आहे. अकरावीतल्या मुलीला सहा महिन्यांत नोकरीची हमी कोण आणि कशाच्या बळावर देते, हा प्रश्न त्यांना लेखी विचारावा. अशा वर्गांतून बाहेर पडलेल्या मुलांचे कामाचे नमुने माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांत खाद्यपदार्थ मागवण्याच्या ॲपचे तेच नवे रूप, त्याच गुळगुळीत रंगछटा आणि तीच ठरावीक वाक्ये सापडतात. मुलाखतीत ‘हे बटण खाली का घेतलेस’ असे विचारले की गाडी अडते. शिवाय नुसता सुबक पडदा आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही काही क्षणांत काढून देतात, त्यामुळे तेवढेच कौशल्य पैसे मोजून घेण्यात अर्थ उरलेला नाही. फिग्मा विनामूल्य सुरू करता येते, ब्राउझरमध्ये चालते आणि हुशार मुलगी ते सुटीत स्वतः शिकते. दीड लाख रुपये आपण राखून ठेवावेत.

त्याऐवजी आपल्याच पतसंस्थेत एक काम होण्यासारखे आहे. आपल्याकडील पिग्मी एजंट (रोजची लहान बचत दारोदार गोळा करणारे) मोबाइल ॲपवर वसुली नोंदवत असतील, तर त्यांची परवानगी घेऊन कन्येने एखादी दुपार त्यांच्यासोबत बाजारपेठेत फिरावे. खातेदारांच्या रकमा आणि नावे तिने टिपून घेऊ नयेत. पाहायचे ते एजंटाच्या अंगठ्याकडे. खातेदार शोधायला ते नाव टाइप करतात, की क्रमांक पाठ आहे म्हणून तोच टाकतात? शंभराऐवजी हजार पडले तर मागे कसे फिरतात? उन्हात फोनवर हाताची सावली धरावी लागते का? पावती मिळाली, यावर खातेदाराचा विश्वास कशाने बसतो? एजंट एखादी गोष्ट ॲपमध्ये न नोंदवता खिशातल्या डायरीत लिहीत असतील, तर ती डायरी म्हणजे या ॲपच्या उणिवांची आयती यादी आहे. हे सारे पाहून झाल्यावर तिने एकाच पडद्याची नवी रचना कागदावर काढावी, तीच एजंटांसमोर ठेवून ‘इथे पैसे नोंदवून दाखवा’ म्हणावे आणि स्वतः काही न बोलता पाहत राहावे. गप्प बसणे यातले सर्वांत अवघड काम आहे. समोरचा चुकीच्या जागी बोट ठेवू लागला की तोंडून शब्द निघतोच.

एक गोष्ट तिला आजच माहीत असावी. वापरणाऱ्याला खिळवून ठेवण्याचे तंत्र आणि त्याला फसवण्याचे तंत्र यांतील अंतर थोडे असते. खाली ओढत गेले तरी न संपणारा मजकूर, ही कल्पना 2006 मध्ये मांडणाऱ्या डिझायनर एझा रॅस्किन यांनी पुढे तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई, ग्राहकाने न निवडलेली वस्तू खरेदीच्या यादीत गुपचूप टाकणे, सभासदत्व घेणे सोपे पण सोडणे महाकठीण, अशा 13 प्रकारांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढून मनाई केली आहे. तिने ती तत्त्वे वाचावीत आणि आपल्या वहीत त्यांतील प्रकार शोधावेत. नोकरी लागल्यावर वरिष्ठ यांतलेच एखादे काम सांगू शकतात, आणि नाही म्हणायचे तर नेमके काय नाकारतो आहोत, ते ठाऊक असावे लागते.

एजंटांसोबतचे निरीक्षण आणि कागदावरची रचना दिवाळीच्या सुटीत होऊ शकेल. झाल्यावर वहीच्या त्या पानांची छायाचित्रे आणि एजंट कुठे कुठे थांबले याची टिपणे पाठवावीत. युसीडची तयारी घरी करायची की सीडचा मार्ग धरून आधी अभियांत्रिकीकडे वळायचे, हे ती पाने पाहून अधिक नेमकेपणाने सांगता येईल.

आपला,
करिअर समुपदेशक