अपग्रेड फसले, तर यंत्राने स्वतःहून माघारी कसे यावे?

प्रश्न : फोनचे अपडेट चालू असतानाच बॅटरी संपली. आता फोन कायमचा बंद पडेल का?

२०१६ मध्ये अँड्रॉइड ७ बरोबर आलेली 'ए' आणि 'बी' या दोन कप्प्यांची व्यवस्था तुमच्या फोनमध्ये असेल, तर ही भीती बाळगण्याचे कारण नाही. फोन एका कप्प्यातून चालत असतो आणि नवी आवृत्ती दुसऱ्यात लिहिली जाते. त्यामुळे लिहिणे अर्धवट राहिले, तरी चालत्या प्रणालीला धक्का लागत नाही. नव्या कप्प्यातून फोन नीट सुरू झाल्याची नोंद ठरावीक प्रयत्नांत झाली नाही, तर बूटलोडर (यंत्र सुरू होताना प्रणाली निवडून लोड करणारा छोटा प्रोग्राम) जुन्या कप्प्याकडे परततो. ही व्यवस्था नसलेल्या जुन्या फोनवर मात्र चार्जर लावल्याशिवाय अपडेटला हात घालू नये.

प्रश्न : आमचा लिनक्स सर्व्हर दुसऱ्या गावी आहे. कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, अपग्रेडनंतर तो बिघडला, हे त्याला स्वतःला कसे कळणार?

खरी मेख इथेच आहे. बिघडलेले यंत्र 'मी बिघडलो' असे सांगू शकत नाही, म्हणून यश सिद्ध होईपर्यंत अपयशच गृहीत धरावे लागते. सिस्टमडी-बूट या लिनक्सच्या बूटलोडरमध्ये हे डोळ्यांनी पाहता येते. प्रयत्नांची मोजणी चालू केलेली असेल, तर नव्या कर्नलच्या नोंदीच्या फाइलनावात, उदाहरणार्थ, '+३' असे लिहिलेले असते. पहिल्या प्रयत्नाला हात घालतानाच बूटलोडर ते '+२-१' असे बदलतो, म्हणजे दोन संधी शिल्लक आणि एक खर्ची. यंत्र व्यवस्थित उभे राहिले, की हा आकडा नावातून पुसला जातो; संधी संपल्या, तर ती नोंद यादीच्या तळाशी जाते आणि पुढच्या वेळी जुना कर्नल निवडला जातो.

'व्यवस्थित' म्हणजे काय, हे मात्र तुम्हालाच ठरवावे लागेल. लॉगिनचा पडदा दिसला, पण नेटवर्क आलेच नाही, तर दूरच्या सर्व्हरच्या दृष्टीने ते अपयशच आहे. फेडोरा आयओटी या लिनक्स आवृत्तीतील ग्रीनबूट हे साधन अशा तपासण्यांच्या स्क्रिप्ट चालवते. त्यांत नेटवर्कची तपासणी आवर्जून घालावी. कर्नल जागच्या जागी गोठला, तर स्क्रिप्टही चालणार नाही. त्यासाठी हार्डवेअर वॉचडॉग सुरू ठेवावा. ठरलेल्या वेळेत खूण मिळाली नाही, की तो यंत्र रीसेट करतो. त्याच्याविना दूरचा सर्व्हर ठेवणे मला धोक्याचे वाटते.

प्रश्न : मग १९ जुलै २०२४ रोजी जगभरात कोसळलेले विंडोज संगणक आपोआप का सावरले नाहीत?

त्या दिवशी भारतातही काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घ्यावे लागले. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीची सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली. तरीही मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रांना फटका बसला. ती फाइल विंडोजचे अपग्रेड नव्हती. सुरू होतानाच लोड होणारा सुरक्षा ड्रायव्हर ती वाचत असे, त्यामुळे अनेक यंत्रे दुरुस्त फाइल उतरवून घेण्याआधीच कोसळत राहिली. विंडोजचा दुरुस्तीचा पडदा उघडत होता, पण नेमकी कोणती फाइल काढायची हे त्याला ठाऊक नव्हते. तंत्रज्ञांना असंख्य यंत्रांसमोर बसून ती हाताने पुसावी लागली, आणि जिथे बिटलॉकर हे विंडोजचे डिस्क-कुलूप होते तिथे बहुधा आधी ४८ अंकी रिकव्हरी की शोधावी लागली. ही की संगणकाबाहेर जपून ठेवलेली आहे ना, हे आजच तपासा.

प्रश्न : दुकानाचे बिलिंग सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीवर नेले, तर मधल्या दोन दिवसांची बिले राहतील का?

नुसता प्रोग्राम मागे नेला, तर बिले डेटाबेसमध्ये राहतात. पण नव्या आवृत्तीने तक्त्यांची रचना बदललेली असेल, तर जुन्या प्रोग्रामला ती वाचता येतीलच असे नाही. उलट, डेटासह संपूर्ण डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत) परत आणला, तर त्यानंतरची सगळी बिले जातील. म्हणूनच ओपनसुसे या लिनक्स आवृत्तीत प्रणालीचा स्नॅपशॉट मागे नेताना होम (वापरकर्त्यांच्या फाइली) आणि व्हार (डेटाबेससारखा बदलता डेटा) या डिरेक्टरी त्यातून वगळलेल्या असतात. तुम्ही अपग्रेडपूर्वी डेटाबेसचा बॅकअप घ्या, आणि मागे जायची वेळ आलीच, तर आधी त्या दोन दिवसांची बिले एक्स्पोर्ट करून किंवा छापून ठेवा.