मॉनिटरवर उजळ, कागदावर काळपट

प्रश्न : खानापुरात माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या अल्बमची पाने मी येथे तयार करून छपाईसाठी बेळगावच्या लॅबकडे पाठवतो. मॉनिटर कॅलिब्रेट केलेला (मोजून प्रमाणाशी जुळवलेला) असूनही छापील फोटो काळपट येतात. गडद इरकल साडीचे काठ तर ओळखूही येत नाहीत. ब्राइटनेस नेमका किती ठेवावा?

उत्तर : दोष बहुधा लॅबचा नसावा. कॅलिब्रेशन करताना आपण रंगतापमान (पांढऱ्याची पिवळट-निळसर झाक) 6500 केल्विन आणि गॅमा (मधल्या छटा किती उजळ वा गडद दिसतील ते) 2.2 निवडला असेल, पण ब्राइटनेस आहे तसाच राहू दिला असेल, तर रंग नेमके येतात आणि पडद्याचा उजेड मात्र कारखान्यातून आला तेवढाच, म्हणजे बऱ्याचदा 250 निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजळपणाचे माप) आसपास, राहतो. अशा लख्ख पडद्यावर फोटो डोळ्याला खुपतो, म्हणून आपण तो नकळत मंद करता, आणि कागदाला स्वतःचा उजेड नसल्याने तो मंदपणाच छापून येतो.

छपाईच्या कामासाठी 80 ते 120 निट्स हा रूढ पल्ला आहे. परंतु आकडा खोलीवर ठरतो. 500 लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप) उजेडात पांढरा कागद सुमारे 140 निट्सइतका उजळ दिसतो, तर एसआरजीबी या पडद्यावरील रंगांच्या मानकात 80 निट्सचा पडदा गृहीत धरला आहे तो 64 लक्सच्या अंधूक खोलीत.

म्हणून आधी खोली स्थिर करावी. एप्रिलच्या उन्हात दुकानाच्या उघड्या शटरमधून येणारा उजेड आणि आषाढातली भरून आलेली दुपार यांत एकच फोटो दोन तऱ्हांचा दिसणार. शटर पडद्यासमोर किंवा पाठीमागे येणार नाही असे टेबल फिरवावे, शटरला कापडी पडदा लावावा आणि 5000 केल्विनची एकच ट्यूब दिवसभर चालू ठेवावी. (भिंत पोपटी असेल तर तिला राखाडी रंग द्यावा, तिची झाक नवरीच्या चेहऱ्यावर शोधत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडते.)

मॉनिटर अर्धा तास तापू द्यावा, ऑटो ब्राइटनेस बंद करावा, कोरी पांढरी फाइल उघडून शेजारी लॅबचा कोरा कागद धरावा आणि पडदा दिव्यासारखा पेटलेला वाटणार नाही व कागदापुढे मळकाही दिसणार नाही, इतका ब्राइटनेस मॉनिटरच्याच बटणाने उतरवावा. सॉफ्टवेअरने उतरवल्यास छटांच्या पायऱ्या कमी होतात आणि शालूच्या घडीत पट्टे उमटतात. त्यानंतरच, हाच उजेड लक्ष्य म्हणून देऊन, कॅलिब्रेशन पुन्हा करावे.

जुन्या अल्बमच्या फाइली मात्र लख्ख पडद्यावरच मंद झालेल्या आहेत. कुणी जादा प्रत मागितली, तर त्या उजळून घेतल्याशिवाय लॅबकडे धाडू नयेत.