पाखाडीवर समोरासमोर

प्रश्न : आमचं घर वेंगुर्ल्याला. रात्री अंगणात बसलं की वरून जाणाऱ्या विमानांचे दिवे दिसतात. परवा दोन विमानं अगदी एकमेकांवर चढल्यासारखी गेली, माझ्या तर पोटात गोळाच आला. मुलगी गणपतीला विमानाने मोपाला उतरून येते. पायलटला समोरचं विमान दिसतं का, की सगळी भिस्त खालच्या कंट्रोलवाल्यावरच?

उत्तर : चिकटलेली दिसली तरी बहुतेक हजार फूट, म्हणजे साधारण ३०० मीटर वर-खाली ठेवूनच गेली असणार, नियमच तसा आहे, पण एवढ्या उंचीवरचं ते अंतर अंगणातून काय कळणार! आणि दिसण्याचं म्हणाल तर दोन विमानं समोरासमोर आली की सेकंदाला जवळजवळ अर्धा किलोमीटर जवळ येतात, डोळ्याला ठिपका दिसून तो विमान आहे हे कळेपर्यंत फार थोडा वेळ उरतो.

म्हणून टीकॅस नावाचं मशीन असतं. ते आजूबाजूच्या विमानांना रेडिओवरून सतत हाका मारतं, त्यांच्यातला ट्रान्सपॉन्डर आपोआप 'ओ' देतो आणि आपली उंची पण सांगतो, उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. धोका वाटला तर उंचावर असताना टकरीच्या साधारण पाऊण मिनिट आधी 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' असं बोलतं, तरी जवळ येतच राहिलं तर थेट हुकूम, वर जा किंवा खाली जा. डावी-उजवी भानगडच नाही.

खरी गंमत पुढे आहे. अरुंद पाखाडीवर समोरून कोणी आलं की आपण एका बाजूला होतो आणि तोही नेमका त्याच बाजूला होतो, तसं इथे होऊ नये म्हणून दोन्ही मशीनं आधी आपसात ठरवतात, एक वर तर दुसरं खाली.

१९९६ मध्ये हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं धडकून ३४९ माणसं गेली, त्यानंतर आपल्याकडे हे मशीन सक्तीचं झालं. पण नुसतं असून भागत नाही. २००२ मध्ये जर्मनीत युबरलिंगेनवर दोन्ही विमानांत टीकॅस होतं, एकाला 'वर' सांगितलं, दुसऱ्याला 'खाली', पण पहिल्याला कंट्रोलवाल्याने खाली यायला सांगितलं, त्या पायलटने त्याचं ऐकलं, दोघंही खाली गेले आणि ७१ जण गेले, त्यात बरीच शाळकरी पोरं. कंट्रोलवाला बिचारा रात्री एकटाच दोन स्क्रीन सांभाळत होता, त्याला मशीनने काय सांगितलंय हे कळलंच नाही. तेव्हापासून नियम अगदी स्पष्ट आहे, मशीन आणि माणूस वेगळं बोलले तर मशीनचं ऐकायचं आणि कंट्रोलला नंतर कळवायचं.

एक मात्र आहे, जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या खाली आलं की हे वर-खालीचे हुकूम बंद होतात. म्हणजे लेक मोपाला उतरताना अगदी शेवटी टीकॅस गप्प असतं, तिथे तुमच्या त्या कंट्रोलवाल्याचंच राज्य.