शेती, नोकरी आणि आठवड्याचे साडेसतरा तास

प्रश्न : माझं पदवीचं शेवटचं वर्ष आहे. घरची एक एकर बागायत आहे. आई-बाबा पहाटेपासून राबतात. भेंडी, थोडा कांदा, दोन गायी असं सगळं आहे, पण वर्षाअखेर हातात किती उरलं हे कुणालाच सांगता येत नाही. मला शेतीच करायची आहे. बाबा म्हणतात, आधी नोकरी धर, शेती सकाळ-संध्याकाळ होते. खरंच होते का? आणि होत असेल तर भाजी लावू, कोंबड्या पाळू की गायी वाढवू?

उत्तर : तुझ्या पत्रात जमीन किती, जनावरं किती, हे सगळं आहे. घरातली माणसं आठवड्याला किती तास काम करतात, हे मात्र कुठेच नाही. छोट्या शेतीत जमीन संपायच्या आधी माणसाचे तास संपतात. म्हणून काय लावायचं हा प्रश्न आपण थोडा नंतर घेऊ. आधी तास धरू.

समज, तू पूर्णवेळ नोकरी धरलीस. रोज सकाळी दीड तास, सुट्टीच्या दोन दिवशी पाच-पाच तास, म्हणजे आठवड्याला साडेसतरा तास. पाऊस, आजारपण, लग्नकार्य यात पाचवा हिस्सा जातोच, तेव्हा भरवशाचे तास १४. आता एकच पीक घे, भेंडी, तेही फक्त ५ गुंठे. ६० बाय ३० सेंटिमीटरवर लावली तर साधारण २,७०० झाडं बसतात. पेरणीनंतर ४५ ते ५० दिवसांनी तोडा सुरू होतो आणि पुढे आठेक आठवडे दिवसाआड चालतो, म्हणजे २८ तोडे. एका तोड्याला तोडणी, निवड आणि भरणी मिळून चार तास आणि माल पोचवायला एक तास धर. आठवड्याला सरासरी साडेतीन तोडे म्हणजे साडेसतरा तास. तुझे होते नव्हते ते सगळे तास पाच गुंठे भेंडीने खाल्ले आणि खुरपणी, पाणी, फवारणी अजून बाकीच आहे. याच हिशेबाने अख्खा एकर, म्हणजे ४० गुंठे, भेंडीखाली आणला तर आठवड्याला १४० तास लागतील. आई-बाबा एवढे राबूनही काम का आवरत नाही, त्याचं उत्तर इथे आहे.

क्षेत्र कमी केलं तर? ३ गुंठ्यांना तोड्याचं काम अडीच तासांवर येतं, पण पोचवण्याचा एक तास तेवढाच राहतो. आठवड्याचे बारा तास झाले, कागदावर बसले. पण सोमवारी सकाळी तुझ्याकडे दीडच तास आहे आणि तोड्याला साडेतीन लागतात. हिशेब इथे फसतो. आठवड्याची बेरीज जुळली तरी त्या त्या दिवसाची जुळत नाही. मग माणूस एक तोडा पुढे ढकलतो. भेंडी ७ ते १० सेंटिमीटरची असताना तोडायची असते. दोन दिवस जास्त राहिली की निबर होते, गिऱ्हाईक घेत नाही, आणि जून शेंगा झाडावर राहिल्या की नवी फुलं कमी लागतात. त्या तोड्याचा माल गेलाच, पुढच्या तोड्यांतही तूट येते. नोकरी करणाऱ्या एकट्या माणसाने रोज किंवा दिवसाआड तोडायची पिकं एका गुंठ्याच्या पुढे नेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. भेंडी, काकडी, घेवडा, गवार ही सगळी यात आली. घरी तोडणीला दुसरं माणूस असेल तर गोष्ट वेगळी, पण मग त्या माणसाचे तासही वहीत लिहायचे.

कांदा शेजारी ठेवून बघ. तेवढ्याच ५ गुंठ्यांत, वाफे-पाट सोडून, १५ बाय १० सेंटिमीटरवर सुमारे ३०,००० रोपं लागतात. सरावलेला हात तासाला सहा-सातशे रोपं लावतो, नवखा त्याच्या निम्मी. रोपवाटिका १२ तास, जमिनीची तयारी १०, लावणी ५०, खुरपण्या ३०, पाणी-खत-फवारणी २०, काढणी-कापणी ४०. एकूण १६२ तास. माल ११०० किलो धरला तर एका तासाला पावणेसात किलोच्या आसपास. भेंडीचं बघ : मशागत, टोकणी, विरळणी, खुरपणी, पाणी, फवारणी मिळून ६५ तास, तोडे आणि पोचवणं १४०, एकूण २०५. माल ५५० किलो, म्हणजे तासाला २.७ किलो. भेंडीचा भाव कांद्याच्या अडीचपट असेल तेव्हा कुठे दोन्हींचा एक तास सारख्या मोलाचा होतो, खर्च वजा करायच्या आधी. हे आकडे मी अंदाजाने धरलेत. तुमच्या जमिनीत आणि तुमच्या हाताच्या वेगाने ते बदलतील, पण रीत हीच. गुंठ्याला किती निघालं हे विचारणारे खूप भेटतात. तू तासाला किती निघालं ते विचार.

कांद्याचं काम दोन-तीन ठिकाणी एकवटतं, बाकी दिवस मोकळे मिळतात, आणि माल लगेच विकावा लागत नाही, म्हणून तो नोकरीशी जमतो. पण त्यातही एक जागा अडचणीची आहे, लावणी. ५० तासांचं काम एकटीने सुट्टीच्या दिवसांत करायला गेलीस तर महिना जातो. रोपं सहा-सात आठवड्यांची असताना लागली पाहिजेत. उशीर झाला की रोपं जून होतात आणि कांद्याची गाठ बारीक राहते. तेव्हा लावणीला दोन दिवस मजूर धरायचे आणि ती मजुरी आधीच बाजूला काढून ठेवायची. दुसरी चूक काढणीनंतर होते. निम्म्या झाडांच्या माना, म्हणजे कांद्याच्या वरचा पातीचा दांडा, आडव्या पडल्या की काढायचा, त्याआधी १० ते १५ दिवस पाणी तोडायचं, पातीसकट तीन-चार दिवस शेतात असा सुकवायचा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल. मग मान दोन-अडीच सेंटिमीटर ठेवून पात कापायची. घाईत मान अगदी कांद्यालगत कापली की तिथूनच सड शिरते आणि महिनाभराने साठवणीत वास येऊ लागतो. लसूणही असाच सोयीचा. हळद आठ-नऊ महिने जमिनीत बसते, पण कामाचे दिवस मोजकेच.

आता गायी. दोन गायींना धारा, चारा कापणं-घालणं, शेण, पाणी, गोठा, दूध पोचवणं मिळून रोजचे साडेचार तास धर. वर्षाचे १,६४० तास झाले, म्हणजे जवळपास एक पूर्ण नोकरी, तीही बिनसुट्टीची. दोघी मिळून वर्षाला ६,००० लिटर देत असतील तर तासाला साडेतीन लिटरच्या थोडं वर. त्या साडेतीन लिटरच्या पैशातून चारा-खुराक आधी वजा कर, कारण दुधाच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा त्यांचाच असतो. व्यायच्या आधीचे साठेक दिवस गाय भाकड राहते, खाणं मात्र चालूच. दोनाच्या चार गायी केल्या तर तास दुप्पट होत नाहीत, हे खरं. पण चाऱ्याला जमीन आणि दोन वेळा हजर राहणारं माणूस लागतंच. कामावरून संध्याकाळी परत यायची वेळ नक्की नसेल तर गायी वाढवू नकोस. त्या वाढवल्यास तर धारा आईच काढणार, आणि तिचे तास मोजल्याशिवाय हा निर्णय घेणं मला अन्यायाचं वाटतं.

कोंबड्यांचं गणित छोटं आहे. अंड्यावरची कोंबडी रोज ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. ५० कोंबड्यांना पावणेसहा किलो लागलं आणि अंडी ३५ आली, तर एका डझनामागे साधारण दोन किलो खाद्य गेलं. दोन किलो खाद्याची किंमत आणि एक डझन अंड्यांचा भाव शेजारी-शेजारी लिही. जे उरतं त्यातच पिल्लांची किंमत, मरतूक, औषध आणि तुझा रोजचा पाऊण तास बसवायचा आहे. पिल्लू आणलं तर पहिले १८ ते २० आठवडे नुसतंच खातं, हे बहुतेकांच्या हिशेबातून निसटतं.

पीक बदलण्याआधीही बरेच तास वाचवता येतात, मुख्यतः तण आणि पाण्यात. तण धाग्याएवढं असताना, मुळी पांढरी दिसते तेव्हा, कोळप्याने, म्हणजे ओळींमधलं तण कापायच्या पात्याच्या अवजाराने, एक गुंठा पाऊण तासात होतो. तीन आठवडे थांबलीस तर तोच गुंठा खुरप्याने पाच-सहा तास घेतो आणि पिकाची मुळंही दुखावतात. पेरणीआधी वाफा तयार करून पाणी द्यायचं, आठ-दहा दिवसांत तण उगवू द्यायचं, वरची दोन-तीन सेंटिमीटर माती हलवून ते मारायचं आणि मग पेरायचं. माती खोल हलवली की खालचं बी वर येतं आणि केलेलं काम वाया जातं. ओळीतलं अंतर कोळप्याच्या पात्याला धरून ठेव, नाहीतर घेतलेलं कोळपं कोपऱ्यात पडून राहतं.

पाण्याचं म्हणशील तर पिकाला दिवसाला ५ मिलिमीटर लागत असेल तेव्हा एका गुंठ्याला सुमारे ५०० लिटर जातात. पाटाने दिलं की दार मोडायला, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला, माणूस उभं राहावं लागतं. ठिबक आणि वेळ लावायचा व्हॉल्व्ह असला की तो वेळ सुटतो, पण ठिबक बसवली म्हणजे बघायचं काम संपलं असं होत नाही. आठवड्यातून एकदा फिल्टर धुवायचा, नळ्यांची टोकं उघडून गाळ सोडायचा. सगळ्यात लांबच्या तोटीखाली मापाचं भांडं ठेव. तासाला २ लिटरची तोटी १५ मिनिटांत ५०० मिलिलिटर द्यायला हवी. ४००च्या खाली आली तर लाइन तुंबतेय किंवा दाब कमी पडतोय. हे न बघणाऱ्याला पीक सुकल्यावर कळतं.

विक्रीचे तासही तासच. थेट गिऱ्हाइकाला विकलं की भाव जास्त मिळतो, बरोबर. समज ४० किलो माल विकायला जाऊन-येऊन, उभं राहून सहा तास लागले. व्यापाऱ्याच्या भावापेक्षा जास्तीचे जे पैसे किलोमागे मिळाले त्यांना ४०ने गुण, सहाने भाग. ती तुझी विक्रीची मजुरी. उरलेला, कोमेजलेला माल आणि वाहतूक त्यातून वजा कर. मजुराला देतेस तेवढेही पैसे येत नसतील तर ते सहा तास शेतात घाल.

मग राहिलेला एकर रिकामा ठेवायचा का, असं बाबा विचारतील. रिकामा ठेवायचा नाही, कमी तासांचा करायचा. काही भाग कांदा-लसणाला, काही चाऱ्याला, काही तागाला. ताग पेरल्यापासून ४०-४५ दिवसांत, फुलावर आला की, खत म्हणून जमिनीत गाडायचा. कडेला लिंबू, शेवगा. शेवगा वर्षाच्या आत शेंगा देऊ लागतो. लिंबाला तीन-चार वर्षं लागतात, तेव्हा त्याचं उत्पन्न आजच्या हिशेबात धरू नकोस. पिकं तीन-चारच ठेव. प्रत्येक नवं पीक स्वतःची रोपं, स्वतःची कीड आणि स्वतःचं गिऱ्हाईक घेऊन येतं.

परीक्षेआधी एवढं कर. एक वही घे आणि १२ आठवडे लिही : तारीख, कोण, कुठल्या पिकाला किंवा जनावराला, काय काम, किती मिनिटं. संध्याकाळीच लिही, दुसऱ्या दिवशी अर्धं विसरलेलं असतं. आईचे तास वेगळ्या रकान्यात. तिला विचारलंस तर ती 'थोडंसंच केलं' म्हणेल, म्हणून घड्याळ लावून तूच टिप. खर्चात पंप, ठिबक, फवारणी यंत्राचा घसारा धर. सात वर्षं टिकणाऱ्या पंपाच्या किमतीचा सातवा हिस्सा दरवर्षी शेतीने फेडायचा असतो. दुसऱ्या कागदावर ५२ आठवड्यांचे रकाने आखून प्रत्येक पिकाचे तास त्या त्या आठवड्यात मांड. जिथे दोन पिकांची गर्दी एकाच आठवड्यात येते तिथे एकाची पेरणी मागे-पुढे कर. ते शक्य नसेल तर क्षेत्र कमी कर.

पूर्णवेळ शेतीत कधी यायचं? तू सांभाळलेल्या तुकड्याने सलग दोन हंगाम तासाला जेवढं सोडलं, ते नोकरीच्या तासाला मिळणाऱ्या पैशाच्या बरोबरीला आलं तेव्हा. नोकरीचा तास काढताना जाण्या-येण्याचा वेळ आणि भाडंही धर, बऱ्याचदा तो आकडा वाटतो त्यापेक्षा खाली येतो. शिवाय सहा महिन्यांचा घरखर्च आणि एका हंगामाचं बी-खत-मजुरी, हे दोन्ही वेगवेगळे बाजूला असले पाहिजेत. एक नसताना दुसऱ्यातून उचललं की पुढचा हंगाम उसनवारीवर सुरू होतो.

तोवर नोकरी निवडताना पगाराच्या बरोबरीने तीन गोष्टी विचारून घे : कामाची पाळी बदलती आहे का, लावणी-काढणीला सलग चार-पाच दिवस रजा मिळते का, आणि घरापासून जाण्या-येण्याला किती वेळ लागतो. एक तासाचा प्रवास अर्ध्या तासावर आला तर दोन्ही वेळचे मिळून पाच दिवसांत पाच तास सुटतात. रोपवाटिका, बियाणं, ठिबक, शीतगृह, शेतमाल खरेदी अशा ठिकाणी काम मिळालं तर थोडा कमी पगारही चालेल. तिथे रोपं कशी जगवतात, माल कुठल्या प्रतवारीवर नाकारला जातो, हे रोज बघायला मिळतं. बदलत्या पाळीची नोकरी मात्र घेतलीस तर गायी आणि तोड्याची पिकं दोन्ही विसर, फक्त कांदा, लसूण, हळद आणि झाडं ठेव.