भुताचा मेकअप राहू द्या, माग थांबवा

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागात ओळखीच्या यंत्रमाग कारखान्यात दोन रात्रींत भुताची शॉर्टफिल्म करायची आहे. जवळ 40 हजार रुपये आहेत, त्यात मेकअपलाच 15 हजार सांगितलेत. तुटपुंज्या पैशांत केलेले काही जुने चित्रपट लोक अजून पाहतात. त्या निर्मात्यांना ते कसं साधलं?

उत्तर : मेकअपचे 15 हजार आवाजाकडे वळवा. 1942 मध्ये हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओने निर्माता व्हॅल ल्यूटनला भयपट करायला सांगितले. खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी 75 मिनिटांच्या आत आणि नाव स्टुडिओ देणार. ‘कॅट पीपल’ हे नावही वरूनच आलेलं. त्यात एक बाई श्वापद होते अशी भीती आहे. ल्यूटनने दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या चित्रपटासाठी बांधलेला जिना वापरला आणि ते श्वापद बहुतेक अंधारातच ठेवलं. रात्री एक बाई रस्त्याने चालली आहे, मागून दुसरीच्या टाचांचा आवाज येतोय. तो एकाएकी थांबतो. आपण कान टवकारतो, तोच फिस्स करून शेजारी बस येते! पंजा नाही, रक्त नाही, तरी आजही दचकायला होतं.

तुमच्याकडे तर मागांचा खडखडाट आहे. तो सलग पाच मिनिटं वेगळा रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंगची पातळी कमी ठेवा. धोट्याच्या, म्हणजे आडवा धागा घेऊन मागात ये-जा करणाऱ्या तुकड्याच्या, दणक्याला आवाज फाटला तर नंतर दुरुस्त होत नाही. संकलनात हाच आवाज सगळ्या शॉट्सखाली सलग टाका, नाहीतर प्रत्येक कटला तो उडी मारतो. बंद कारखान्याची शांतताही दोन मिनिटं टिपा, कारण कोरा ट्रॅक प्रेक्षकाला बिघाड वाटतो. मग गोष्टीत माग थांबवा, चार-पाच सेकंद ती शांतता, आणि एकच माग पुन्हा सुरू. भूत एवढंच.

उजेडाला एकच उघडा एलईडी दिवा, म्हणजे सावलीची कड धारदार येते. नट दिव्याजवळ गेला की भिंतीवरची सावली वाढते. ट्यूबलाइट बंद ठेवा, त्या सावली पुसतात. चालू ठेवाव्याच लागल्या तर कॅमेरा सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंदावर ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने 30 फ्रेम, 1/60 ला चित्रात पट्टे लहरतात. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड घेतो ते, लॉक करा. ऑटोवर मोबाइल अंधार उजळवतो आणि सगळं दाणेदार होतं.

हॅलोजन, मेणबत्ती अजिबात नको, सुताची भुकटी ठिणगीने पेटते. माग कारागिरानेच चालवावा. नटाला मागाच्या बाजूला उभं करू नका. धोटा कधी निसटून बाहेर उडतो.